मागे सीट नसलेली गाडी

४ ऑगस्ट २००८, सोमवार

मोटारसायकल गेली एकदाची. किक मारायला दम नाही, तर ठेवून काय तिची पूजा करू? घेणाऱ्यानं माझ्यासमोर एका किकमध्ये चालू केली. पूर्वी मीही एकाच किकमध्ये करायचो. रस्त्याच्या वळणापर्यंत आवाज ऐकला, मग आत आलो.

आजचे खांब – अकरा.

घरापासून मखमलाबाद नाक्याकडे चालत निघालो की विजेचे खांब लागतात. किती खांब झाले की थांबावं लागतं, ते मोजतो. जानेवारीत दोन होते. थांबलो की मोबाइल काढून कानाला लावतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं फोन आलाय. फोन कुणाचाच नसतो.

टीबी गेला. जाताना उजव्या फुप्फुसाचा खालचा तुकडा घेऊन गेला. मे महिन्यात गोळ्या संपल्या तेव्हा दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "बरा झालास तू. फक्त आता टाकी लहान झालीय असं समज." लहान टाकी! मी ट्रकवर क्लीनर म्हणून सुरत-वापी केलं, पिंपळगावला द्राक्षं भरली, सटाण्याला कांद्याच्या गोण्या शिवल्या. एका जागी तीन महिने म्हणजे मला शिक्षा. आणि आता बघ – आठ महिने याच ओट्यावर.

संध्याकाळी अंगणात हारांचा गोल बसला. श्रावणी सोमवार, मागणी जोरात. आई, गोरक्षदादा, सुवर्णावहिनी, शेजारच्या सखुबाई, मधे झेंडूचा ढीग. मी ओट्यावर. जानेवारीत फुलबाजारात कुणीतरी बोललं – यांच्या घरात टीबी, हे हार देवाला कसे चालतात? दोन देवळांची रोजची मागणी गेली. तेव्हापासून मी फुलांना हात लावत नाही. मे महिन्यात साफ रिपोर्ट आणून दादापुढे ठेवला. "बरं झालं," म्हणाला आणि दातानं दोरा तोडला. गोलात कुणी सरकून जागा केली नाही. मीही मागितली नाही.

ओवायला मी मंदच होतो. पण गोष्टी मीच सांगायचो.

७ ऑगस्ट, गुरुवार

मोतीराममामा आले होते. आईचे मावसभाऊ, गिरणाऱ्याला रोपांची नर्सरी आहे. जाताना ओट्याजवळ थांबले – थांबले म्हणजे अगदी शेजारी बसले, माझ्या तांब्यातलं पाणी प्यायले! म्हणाले, "ललित, दसऱ्यानंतर ये माझ्याकडं. शेडात बसायचं, रोपं विकायची. उचलाउचल करायला दुसरी माणसं हायेत. खोली देतो. फक्त वाहन पायजे बाबा तुला, फाट्यापासनं तीन किलोमीटर आत हाये."

तीन किलोमीटर म्हणजे साठ-पासष्ट खांब. मला जमायचे अकरा.

बॅटरीची गाडी! सायकलीसारखी, किक नाही, पेट्रोल नाही. ठरलं. गाडी घ्यायची आणि सुटायचं इथून. आजारी होऊन घरी आल्या दिवसापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो.

११ ऑगस्ट

गंगापूर रोडला गाड्या बघायला निघालो होतो. सीबीएसवर बस बदलायची होती. तिथे ते वजनाचं यंत्र – लाल दिवे, फिरणारं चक्र. नाणं टाकलं. सत्तेचाळीस किलो. तिकिटाच्या मागे – "आपला स्वभाव उदार आहे." दुसरं नाणं. सत्तेचाळीस. "शत्रूपासून सावध राहा." तिसऱ्यांदा सेहेचाळीस! तीन मिनिटांत एक किलो कुठे गेलं? यंत्रवाल्याशी वाद घातला. तो म्हणाला, "तुम्ही श्वास सोडला असंल." मस्त माणूस. तासभर त्याच्याशीच बोलत बसलो. मग दम लागला आणि घरी आलो.

गाड्या राहिल्या.

१२ ऑगस्ट

आजही राहिल्या. खांब – दहा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

गेलो शेवटी. काचेचं दुकान, आत गारवा. टाय लावलेला पोरगेला माणूस धावत आला – सर, लायसन्स नको, पासिंग नको, एका चार्जमध्ये साठ किलोमीटर! स्कूटरसारखीच दिसते. निळी. मागे चांगली लांब सीट.

मी म्हटलं, बंद करा. ढकलून बघतो.

"ढकलून? सर, ही चालवायची असते."

"रस्त्यात बॅटरी संपली तर?"

"साठ किलोमीटर आहे ना सर!"

तरी ढकलली. दुकानापासून पुढच्या खांबापर्यंत. पोटात चार बॅटऱ्या, शिशाच्या – म्हैस ढकलतोय असं वाटलं. अर्ध्यावर डोळ्यापुढे काजवे. मुख्य स्टँडवर चढवायला गेलो तर चढेचना, टायवाल्यानं चढवली. मग मला पाणी दिलं. नंतर हळूच म्हणाला, "सर, साठ मी म्हणालो, पण कंपनी सपाट रस्त्यावर मोजते. चढावर चाळीस धरा." चांगला होता बिचारा. मी आजारी दिसल्यावर लोक खरं बोलतात, एवढा एक फायदा.

किंमत विचारली. मोटारसायकल विकून आलेले अधिक गोलकात साठवलेले, वर अजून तेवढेच लागतील. नमस्कार केला.

बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. सीबीएसपर्यंत रिकामीच राहिली.

२४ ऑगस्ट, रविवार

दादाला कुणी सांगितलं कोण जाणे. गोठ्याजवळ फवारणीचा पंप धूत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडी घेतोय म्हनं."

"हो."

"मागं माणूस बसंल अशी घे."

म्हणजे आता याला फुलांच्या पाट्या मार्केटला न्यायला माझी गाडी हवी! हारांना हात लावलेला चालत नाही, पाट्या वाहिलेल्या चालतात. वर खोकला. खोकून झाल्यावर म्हणाला, "गंधकाची पावडर लय नाकात जाती. – तुझ्या त्या गोळ्या, किती महिने होत्या रे?"

टोमणाच. आठ महिने घरात बसून खाल्लं त्याचा.

"सहा," म्हटलं आणि निघालो. बारा खांब चाललो रागानं. बारा!

२ सप्टेंबर, मंगळवार

उद्या गणपती. अंगणात एवढी फुलं की चालायला वाट नाही. सगळे गोलात. हसतायत. वहिनी कुणाची तरी नक्कल करतेय – सखुबाईंच्या जावयाची बहुतेक.

मी आत पेपरातलं भारनियमनाचं कोष्टक वहीवर उतरवतोय. आमच्याकडे सकाळी साडेतीन तास लाइट नाही, दुपारी पुन्हा अडीच. विहिरीच्या मोटरीची लाइन वेगळी, ती एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. बॅटरी भरायला आठ तास. म्हणजे गाडी विकत घेतली तरी ती लाइटीच्या मर्जीनं जेवणार. गिरणाऱ्याला तर याहून वाईट.

वहिनी मधेच खिडकीशी आली. हातात ताटली, दोन थालीपीठं. "भाऊजी, गरम हायेत." ताटली खिडकीत ठेवली आणि गेली. माझीच ताटली होती, कडेला लाल रंग लावलेली. रंग मीच लावला होता जानेवारीत. आता बरा झालो तरी रंग काही जात नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

मालेगाव स्टँडच्या चढाखाली एक लहान दुकान. बाहेर पंक्चरची टाकी, आत पाच बॅटरीच्या गाड्या. मालक कम मेकॅनिक – सोमनाथ. ग्रीसनं काळे हात, तोंडात बडीशेप. मी म्हटलं, ढकलून बघू का? हसला नाही. म्हणाला, "पहिला माणूस हायेस जो हे विचारतो. सगळे वेग विचारत्यात." मग स्वतःच सांगायला लागला.

जड घेऊ नको. पायडल असलेली घे, संपली तरी हळूहळू घरी येतोस. बॅटरी निघणारी घे, म्हणजे जिथं लाइट हाये तिथं तीच न्यायची, गाडी नाय. पण उचलून बघ आधी. – उचलली. बारा किलो. जमलं, दोन हातांनी. स्टँड बाजूचा असावा. सीट इतकी खाली की बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकले पाहिजेत. "आन चढावर निम्मी बॅटरी राह्यली का गाडी रडती. तवा उतरायची लाज धरायची नाय."

माझ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पण सगळं माझ्याबद्दलच बोलला.

सायकलीच्या सांगाड्याची एक आहे. हिरवी. एकट्याची सीट, मागे बारीक कॅरिअर. सपाटीला तीस किलोमीटर. ढकलली – तीन खांब! मधे थांबलो नाही.

त्याच किमतीत एक जुनी होती, दुसऱ्या हाताची, मागे सीटवाली. बॅटऱ्या थकलेल्या, आणि जड.

येताना रामकुंडावर बसलो. एक माणूस पाण्यात चुंबक सोडून नाणी काढत होता. दोन तास बघितलं. किती विचित्र, लोक पुण्यासाठी टाकतात आणि हा लोहचुंबकानं उचलतो! घरी सांगावंसं वाटलं. घरी आल्यावर कुणाला सांगू कळेना. इथे लिहिलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घेतली! हिरवी.

पितृपक्षात कुणी वाहन घेत नाही, म्हणून सोमनाथनं हजार कमी केले. आई कपाळाला हात लावून बसली – "पितरांच्या पंधरवड्यात कुणी गाडी आणतं का रे! घटस्थापनेला आणली असती तर काय बिघडत होतं?" मी म्हटलं, आई, मी स्वतःच निम्मा पितर झालो होतो, मला काय होतंय. तिनं चप्पल फेकून मारली. लागली नाही. फार दिवसांनी फेकली. बरं वाटलं.

कागद करताना सोमनाथ म्हणाला होता, "मागं कुणाला बसवलं तर दहा किलोमीटर कमी धर. आन कॅरिअर माणसाचा नाय, वेगळा लावावा लागंल."

"कुणी नाही बसणार," म्हटलं.

दादा मार्केटहून आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. कॅरिअर दाबून बघितला.

"सीट नाय मागं."

"एकट्यालाच तर जायचंय."

"हां," म्हणाला. हातपाय धुवायला गेला.

२३ सप्टेंबर

आज खांब मोजले नाहीत. मोजताच आले नाहीत, एवढे भराभर गेले.

२८ सप्टेंबर, रविवार

गिरणाऱ्याला जाऊन आलो! पहाटे निघालो, बॅटरी पूर्ण भरून. गाडीला आवाजच नाही. पेरूच्या बागेतल्या पोपटांना मी आल्याचं कळलंच नाही, अगदी शेजारून गेलो. धोंडेगावकडे एक रस्ता फुटतो, तिकडे उगाच वळलो, एक धबधबा दिसतो का बघायला. धबधबा नव्हता. बॅटरीचा काटा मात्र तेवढ्यात लाल. मामांकडे पोचेपर्यंत शेवटचा किलोमीटर पायडल मारत, प्रत्येक खांबाला थांबत.

मामांनी बॅटरी शेडात लावली आणि मला खाटेवर झोपवलं. लाइट अकराला गेली ती तीनला आली. तोपर्यंत रोपांची नावं शिकलो. खोली बघितली. एक खिडकी, समोर डोंगर. ओटा नाही – हे सगळ्यात चांगलं.

१३ तारखेला, दसरा झाला की सोमवारी, कायमचा येतो म्हणून सांगितलं.

३ ऑक्टोबर

दादानं पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. दगडावर पट्टा धरून हाणत होता. नवरात्राचे उपास, म्हणाला.

रात्री खोकतो. गंधक, म्हणतो.

९ ऑक्टोबर, दसरा

काल रात्रभर फुलं. पहाटे तीनला दादा-वहिनी मार्केटला. मी अकराला आपट्याची पानं आणायला नाक्यावर गेलो, चालत, कारण आज गाडीची पूजा आणि ती जागची हलवायची नाही असं आईचं म्हणणं.

परत आलो तर अंगणात सगळी हत्यारं धुऊन मांडलेली. विळे, कात्र्या, फवारणीचा पंप, दादाची सायकल. दरवर्षीसारखी. आणि त्या ओळीत माझी हिरवी. विहिरीच्या मोटरीला दोन इंची पाइप लावून दादानं ती धुतली होती! वरून, खालून, सीटखालून, चाकाच्या मोटरमध्ये पाइप घालून. थेंब गळतायत. हँडलला मनगटाएवढा जाड हार. शेवंती, मधे गुलाब.

चावी फिरवली. काही नाही. पुन्हा. काही नाही.

मी काय काय बोललो ते लिहवत नाही. "बॅटरीची गाडी आहे, म्हैस नाही!" इथून सुरू केलं. मला जाऊच द्यायचं नाही तुम्हाला, इथपर्यंत. फुलांना हात लावू देत नाहीस, गाडीलाही लावू नको, असंही. आई मधे आली – "आरं, त्याला काय ठावं! सगळी धुतली, तुझी एकटीची कशी ठेवायची?"

दादा पाइप धरून उभा. पाणी पायावर चाललेलं. म्हणाला, "हार मी ओवलाय. मार्केटला तुझ्यासाठी शेवंती..." आणि वाक्य अर्ध्यात सोडून खाली बसला.

दोन्ही हात गुडघ्यांवर. खांदे कानांपर्यंत वर. तोंड उघडं. आणि एका क्षणानं मान वर करून इकडेतिकडे बघितलं – कुणी बघतंय का. मग पाइपशी खेळल्यासारखं करायला लागला.

ते बसणं मला पाठ आहे. मी मोबाइल कानाला लावतो, त्यानं पाइप धरला. एवढाच फरक.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

खरं लिहायचं तर – पहिला विचार हाच आला की आता कळेल. आता याची ताटली रंगव, म्हणावं. रात्रभर हा विचार चघळला. पहाटे त्याची चव गेली.

विहिरीपाशी गाठलं. "किती दिवस खोकला?"

"आषाढापासनं."

"थुंकी तपासू. फुकट आहे."

"दिवाळी होऊ दे. बाजारात कळलं तर फुलं सडत्यात घरी. तुला ठाऊक नाय का?"

मला नाही तर कुणाला ठाऊक असणार!

मग दादाच म्हणाला, "रोज म्हणत होतो, तुला सांगावं. तू पानंच लिहीत बसतो."

१२ ऑक्टोबर, रविवार

सोमनाथ घरी आला. सीटखालचा वायरींचा डबा उघडला, चहाचा कप भरेल एवढं पाणी निघालं. डबा पत्र्यावर उन्हात ठेवून दोन दिवस वाळवायला सांगितलं. "धुतली कुणी?" मी म्हटलं, मी. आई पितरांना दोष देतेय. देऊ दे.

उद्या गिरणारे. पिशवी भरली. तीन शर्ट, ही वही. पुन्हा उपसली. पुन्हा भरली.

१३ ऑक्टोबर

पिशवी भरलेली आहे. गेलो नाही. मामांना फोन केला. मामा म्हणाले, "रोपं काय कुठं जात्यात?"

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गाडी चालू झाली. दादाला रिक्षानं नेलं, गाव उठायच्या आत. दवाखान्याच्या बाई मला ओळखून हसल्या आणि मग त्याच्याकडे बघून हसायच्या थांबल्या. दादानं थुंकीची डबी माझ्या हातात दिली, मीच नाव लिहिलं. वजन केलं. एकोणपन्नास. त्याला आपलं वजन बहात्तर माहीत होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

रिपोर्ट आला. आहे.

संध्याकाळी गोल बसला. दादानं घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. अर्धा हार झाला, दोऱ्याला गाठ मारली, सुई आईच्या पुढ्यात ठेवली आणि उठला. येऊन ओट्यावर बसला. माझ्या शेजारी. वहिनीनं आमच्याकडे बघितलं – आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग हातातल्या फुलांकडे. तिला विचारावं लागलं नाही.

दादा म्हणाला, "इथनं गोल लय लांब दिसतो रे."

मी त्याला चुंबकवाल्या माणसाची गोष्ट सांगितली.

२० ऑक्टोबर, सोमवार

गोळ्या दवाखान्यात जाऊन घ्यायच्या – सोमवार-बुधवार-शुक्रवार, सहा महिने. रिक्षानं गेलं तर नाक्यावर सगळे विचारणार. दादाचे खांब – चार. सोमनाथकडून मागे लोखंडी कॅरिअर जोडून घेतला, त्यावर वहिनीनं गोधडीची घडी बांधली. सोमनाथनं पुन्हा बजावलं, माणूस बसवलास तर दहा किलोमीटर कमी.

असू दे. दवाखाना तीनच किलोमीटर आहे.